बागेसाठी मोठी ट्राम निवडताना : आधी वळण मोजा, मग गाडी बघा

श्टुटगार्टजवळच्या आमच्या घरामागे साडेसहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद असा बागेचा तुकडा आहे. त्यात आता दोन ॲक्सलची, म्हणजे चाकांच्या दोन जोड्यांची, एक मॉडेल ट्राम सफरचंदाच्या झाडाला वळसा घालून लॅव्हेंडरच्या वाफ्यापर्यंत जाते आणि परत येते. एवढीशी गोष्ट जमायला मला तीन वर्षं लागली, कारण मी सुरुवात उलट्या टोकाकडून केली होती.

बाट कानश्टाटच्या ट्राम संग्रहालयात मी पहिल्यांदा जीटी-४ ही जोडट्राम पाहिली. श्टुटगार्टसाठी १९५९पासून एसलिंगनच्या कारखान्यात बांधलेली ही गाडी दोन डब्यांची असून मध्ये वाकते. रविवारी तिथून जुन्या ट्राम शहरात धावतात. आम्ही त्यातून फिरलो आणि मी पार हरखून गेलो. पुढच्याच महिन्यात एका जुन्या मॉडेल गाड्यांच्या बाजारात तशाच घडणीची, हाताने बांधलेली जवळजवळ ८० सेंटिमीटर लांबीची ट्राम दिसली आणि मी ती उचलली. तेव्हा घरी रुळाचा एक तुकडाही नव्हता. रूळ आणले तेव्हा कळलं की या ट्रामला किमान सव्वा मीटर त्रिज्येचं वळण लागतं, आणि आमच्या झाडाभोवती जेमतेम पाऊण मीटर जागा आहे. दोन वर्षं ती कपाटावर पडून होती. शेवटी तोट्यात विकली.

तुमचं असं होऊ नये म्हणून हा लेख. क्रम पाळा. ट्राम बघण्याची पाळी सहाव्या पायरीवर येते, तोपर्यंत विक्रेत्यांची पानं उघडू नका.

१. बाग मोजा आणि परवानगीचं बघा

मोजपट्टी, सुतळी, चार खुंट्या आणि चौकटीचा कागद घ्या. बागेचा नकाशा १:२० प्रमाणात काढा, म्हणजे कागदावरचे ५ सेंटिमीटर बागेत १ मीटर. झाडाचे बुंधे, पावसाळी पाण्याची गटारं, कपडे वाळत घालायचा खांब, नळ, कुंपणाचं दार, सगळं नकाशावर आलं पाहिजे. चढउतारही मोजा. लांब सरळ फळीवर पाणसळ ठेवून दर मीटरला किती फरक पडतो ते लिहा. शंभर सेंटिमीटरला तीन सेंटिमीटर एवढा चढ बहुतेक मॉडेल ट्राम निवांत चढतात. चार ही मी वरची मर्यादा धरतो, आणि मागे जोडडबा असेल तर तीनच्या वर जात नाही. खऱ्या ट्राम याहून कितीतरी उभे चढ चढतात, लिस्बनमध्ये साडेतेरा टक्क्यांपर्यंत. पण मॉडेलची चाकं हलकी असतात, आणि ओल्या रुळांवर एखादी गोगलगाय चिरडली गेली तरी ती जागच्या जागी फिरत राहतात.

घर भाड्याचं असेल तर घरमालकाला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. जर्मनीतल्या 'क्लाइनगार्टन' (संस्थेकडून भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बागा) वसाहतीत तुमचा प्लॉट असेल तर जास्तच जपा. १९८३च्या कायद्यानुसार असा प्लॉट ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा आणि त्यातली झोपडी २४ चौरस मीटरच्या आत असावी. शिवाय साधारण एक तृतीयांश जमिनीवर भाजी-फळं असणं अपेक्षित असतं. तिथे काँक्रीटचा पाया ओतण्याच्या भानगडीत पडू नका. खडीवर सोडलेले रूळ उचलता येतात, म्हणून त्यांना हरकत घेतली जाण्याची शक्यता कमी. तरी संस्थेच्या समितीला नकाशा दाखवूनच काम सुरू करा.

२. गेज आणि प्रमाण यांची गल्लत करू नका

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. प्रमाण म्हणजे खऱ्या गाडीच्या तुलनेत मॉडेल किती पट लहान आहे ते. बागेतल्या बहुतेक रेल्वेंचं गेज एकच असतं, ४५ मिलिमीटर. पण त्याच रुळांवर वेगवेगळ्या प्रमाणांच्या गाड्या धावतात आणि दुकानदार त्या सगळ्यांना सरसकट 'जी' म्हणून विकतात.

हिशेब सोपा आहे. खऱ्या गेजला ४५ने भागा. मीटर गेजच्या गाडीसाठी उत्तर साधारण २२.५ येतं. न्यूर्नबर्गच्या लेमान कंपनीने १९६८मध्ये एलजीबी या नावाने बागेतली मॉडेल रेल्वे आणली ती याच १:२२.५ प्रमाणावर. २००७पासून हे नाव म्यर्कलिन या मॉडेल रेल्वेच्या कंपनीकडे आहे. १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी उत्तर ३२ येतं. तीन फुटी अमेरिकन छोट्या रेल्वेसाठी २०.३. त्याशिवाय १:२९ प्रमाणातल्या अमेरिकन गाड्याही ४५ मिलिमीटरवरच धावतात, जरी हिशेबाने ते प्रमाण कुठल्याच गेजला चपखल बसत नाही.

ट्रामच्या बाबतीत हा हिशेब कामाला येतो तो असा. झुरिक, बासेल, बर्न, फ्रायबुर्ग, माइन्झ, आउग्सबुर्ग इथल्या ट्राम मीटर गेजच्या आहेत. श्टुटगार्टच्याही २००७च्या डिसेंबरपर्यंत होत्या. आता तिथे मीटर गेजवर दररोज चालते ती मुख्यतः मारीएनप्लाट्सहून डेगरलोखला चढणारी दातेरी रुळांची गाडी. यांपैकी कुठलंही शहर आवडत असेल तर १:२२.५ घ्या, सगळं जुळेल. रुंदी २.२ मीटर असलेली ट्राम मॉडेलमध्ये ९८ मिलिमीटर होते, आणि शेजारी उभा केलेला माणूस साडेसात सेंटिमीटरचा.

आपल्यापैकी अनेकांना मुंबईची ट्राम हवी असते. मलाही हवी होती. १८७४मध्ये घोड्यांनी ओढलेली, १९०७पासून विजेवर धावलेली, १९२०पासून दुमजलीसुद्धा झालेली आणि ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गेलेली. तिचं गेज १४३५ मिलिमीटरचं होतं, म्हणून ४५च्या रुळांवर ती १:३२ प्रमाणात बसते. १:२२.५मध्ये बांधलीत तर रूळ तिच्या अंगाच्या मानाने अरुंद दिसतील, खऱ्या हिशेबाने ६४ मिलिमीटर हवेत. ती डाव्या बाजूने चालायची, म्हणजे फलाटही डावीकडे घ्यावा लागेल. हे सगळं स्वतः बांधण्याचं काम आहे. पहिल्या ट्रामसाठी ते धरू नका, दुसऱ्या किंवा तिसऱ्यासाठी ठेवा.

ब्रिटनमधल्या ट्रामप्रेमींची एक वेगळी वाट आहे, १:१६ प्रमाण आणि साडेतीन इंची गेज. दुमजली ट्राम त्या आकारात फार देखण्या दिसतात, पण रुळांपासून सगळं करून घ्यावं लागतं. पुढचं सगळं मी ४५ मिलिमीटर धरून लिहितो.

३. वळणाची कसोटी

बागेत ट्रामच का घ्यावी याचं माझ्याजवळचं सगळ्यात भक्कम कारण इथे आहे. एलजीबीच्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या ६०० मिलिमीटर असते, बारा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ. हे वळण १:२२.५ने खऱ्यात नेलं तर साडेतेरा मीटर होतं. जुन्या शहरांतल्या कोपऱ्यांवर ट्राम १५-२० मीटर त्रिज्येत वळतात, म्हणजे आपण फारसं खोटं करत नाही. याउलट स्वित्झर्लंडच्या बर्निना रेल्वेचं अतितीव्र वळण ४५ मीटरचं आहे. ते बागेत खरं दाखवायला २ मीटर त्रिज्या लागते, म्हणजे चार मीटर व्यासाचं वर्तुळ. ६०० मिलिमीटरच्या वळणावर लाल बर्निना गाडी ओढूनताणून वळवल्यासारखी दिसते. छोटी ट्राम त्याच वळणावर अगदी घरची दिसते.

पण 'धावते' आणि 'आजूबाजूला काही न धडकता धावते' यांत फरक आहे. वळणावर गाडीचं अंग रुळाबाहेर झुकतं. मधला भाग आतल्या बाजूला येतो आणि टोकं बाहेर जातात. हे मोजायची दोन सूत्रं वहीत लिहून ठेवा.

आत येणारा भाग : चाकांच्या जोड्यांमधल्या अंतराचा वर्ग, भागिले त्रिज्येची आठपट.

बाहेर जाणारं टोक : पूर्ण लांबीचा वर्ग वजा चाकांमधल्या अंतराचा वर्ग, भागिले त्रिज्येची आठपट.

एक शब्द स्पष्ट करतो. आपण बोलताना रेल्वेच्या डब्यालाच बोगी म्हणतो. या छंदात बोगी म्हणजे डब्याखाली फिरणारी चार चाकांची जोडणी. दोन बोग्यांच्या ट्रामसाठी 'चाकांमधलं अंतर' म्हणजे एका बोगीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर.

आता ६०० मिलिमीटरच्या वळणावर दोन गाड्या ठेवून बघू. पहिली दोन ॲक्सलची, ४०० मिलिमीटर लांब, ॲक्सलमध्ये १३० मिलिमीटर. ती आत फक्त साडेतीन मिलिमीटर येते, पण टोक तब्बल ३० मिलिमीटर बाहेर जातं. लहान गाडी म्हणून तिला जागा कमी लागेल, हा समज इथे खोटा ठरतो. दुसरी दोन बोग्यांची, ५०० मिलिमीटर लांब, बोग्यांमध्ये ३०० मिलिमीटर. ती आत १९ आणि बाहेर ३३ मिलिमीटर झुकते. खऱ्या ट्रामची टोकं निमुळती केलेली असतात ती याचसाठी, समोरून येणाऱ्या ट्रामला घासू नये म्हणून. मॉडेलमध्येही तशी टोकं असली तर थोडी सूट मिळते.

दुहेरी मार्ग घालणार असाल तर हे आकडे अजून महत्त्वाचे. एलजीबीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वळणाच्या त्रिज्या ६०० आणि ७६५, म्हणजे मध्ये १६५ मिलिमीटर. ९८ रुंदीच्या दोन ट्राम सरळ उभ्या असताना मध्ये ६७ उरतात. वळणावर दोन बोग्यांच्या गाड्या समोरासमोर आल्या तर त्यातले जेमतेम १९ शिल्लक राहतात. चालेल, पण मध्ये दिव्याचा खांब रोवायचा विचार सोडून द्या.

हिशेब झाल्यावर पुठ्ठा कापा. ट्रामच्या लांबी-रुंदीचा तुकडा, त्याखाली चाकांच्या जागी दोन टाचण्या. नकाशावर नको, बागेतच, जमिनीवर सुतळीने आखलेल्या वळणावर तो सरकवत न्या. झाडाचा बुंधा, कुंडीची कड, पायरी कुठे आड येते ते पाच मिनिटांत दिसतं. मी जोडट्राम घेण्याआधी हा पुठ्ठा कापला असता तर ती घेतलीच नसती.

४. शेवटच्या थांब्यावर ट्राम कशी वळणार?

रेल्वेच्या मॉडेलवाल्यांना हा प्रश्न क्वचितच पडतो. ट्रामवाल्यांना तो पहिल्याच दिवशी पडायला हवा.

काही ट्रामला एकाच टोकाला चालकाची जागा असते आणि दरवाजे फक्त एका बाजूला. जर्मनीत ती बाजू उजवी. अशी गाडी उलटी चालवत आणता येत नाही, तिला वळायला शेवटी रुळांचा गोल लागतो. ६०० मिलिमीटरच्या वळणाने असा गोल घालायचा तर बाजूचं झुकणं धरून साधारण दीड मीटर रुंद जागा बाजूला ठेवा. काही ट्रामला दोन्ही टोकांना चालक बसतो आणि दोन्ही बाजूंना दरवाजे असतात. तिला शेवटी नुसता बंद रूळ पुरतो.

मॉडेल दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून फोटोत दोन्ही बाजू बघा, दोन्ही टोकांचे दिवे बघा.

गोलाचा सापळा विजेचा आहे. रुळांतून वीज देताना एक रूळ धन आणि दुसरा ऋण असतो. रूळ गोल फिरून सांध्यापाशी (जिथे एका मार्गाचे दोन फुटतात तिथे) स्वतःलाच येऊन मिळतो तेव्हा डावा रूळ उजव्याला जोडला जातो आणि थेट शॉर्ट सर्किट होतं. यावर उपाय आहे. गोलाच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ तोडून प्लॅस्टिकचे जोड बसवायचे आणि मधल्या भागातल्या विजेची दिशा बदलणारं यंत्र लावायचं. हा तोडलेला भाग ट्राम आणि जोडडबा मिळून जेवढे लांब होतात त्याहून लांब हवा, नाहीतर पुढची आणि मागची चाकं एकाच वेळी दोन्ही तुटींवर येतात. नवख्याने पहिल्या वर्षी हे अंगावर घेऊ नये असं माझं मत आहे.

त्यापेक्षा तीन सोपे मार्ग आहेत. साधा लंबगोल घाला, तिथे दिशेचा प्रश्नच येत नाही. किंवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ मार्ग घाला आणि दोन्ही टोकांची ट्राम घ्या. शेवटच्या मीटरभर रुळात एका बाजूला तूट ठेवून तिथे डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारा छोटा भाग) लावला की ट्राम आपोआप थांबते आणि वीज उलटली की परत निघते. वीज उलटवणारं वेळेचं यंत्र तयार मिळतं. माझी ट्राम अशीच फिरते. मुलीने लॅव्हेंडरच्या टोकाला एक छोटा बाक ठेवलाय, तिथे ट्राम वीस सेकंद थांबते. तिसरा मार्ग वरच्या तारेचा किंवा बॅटरीचा, तो पुढे बघू.

५. वीज कुठून घ्यायची

चार पर्याय आहेत. माझा कौल पहिल्या ट्रामसाठी पहिल्याला, पण चौघांचं स्वरूप समजून घ्या.

रुळांतून साधी वीज : शून्यापासून साधारण २४ व्होल्टपर्यंत एकदिश प्रवाह, जास्त व्होल्ट म्हणजे जास्त वेग. स्वस्त आणि समजायला सोपं. दोष एवढाच की ट्राम थांबली की दिवेही विझतात, आणि पितळी रुळांवर गंज-मळाचा थर चढला की गाडी अडखळते. दर आठवड्याला रूळ पुसावे लागतात. निकेलचा मुलामा दिलेले रूळ महाग, पण पुसण्याचं काम पुष्कळ कमी करतात. ॲल्युमिनियमचे रूळ स्वस्त म्हणून घेऊ नका, ते बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी ठीक.

रुळांतून डिजिटल : रुळांत सतत वीज असते आणि प्रत्येक गाडीतला डिकोडर आपल्या नावाचा आदेश ऐकतो. ट्राम थांब्यावर उभी असताना आत उजेड राहतो, घंटा वाजते. ट्रामला हे फार शोभतं. पण सापळा लक्षात ठेवा : डिकोडर नसलेली जुनी ट्राम डिजिटल रुळांवर उभी करू नका, मोटार गुणगुणत तापते आणि जळू शकते. जुन्या ट्राममध्ये डिकोडर बसवता येतो, त्याचा खर्च मात्र खरेदीच्या किमतीत धरून ठेवा.

वरच्या तारेतून : ट्रामचा खरा रुबाब यात आहे. तारेतून वीज येते आणि दोन्ही रूळ मिळून परतीचा मार्ग होतात. दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असल्याने वळणाचा गोल कितीही घाला, शॉर्ट सर्किट होत नाही. खऱ्या शहरांतही गोल म्हणूनच निवांत चालतात. अनेक एलजीबी विजेच्या गाड्यांत आत एक खटका असतो, तो फिरवला की गाडी रुळांऐवजी छतावरून वीज घेते. छतावर काय आहे ते मात्र बघा. चौकटीसारखा पँटोग्राफ दोन्ही दिशांना चालतो. जुन्या ट्रामचा एकच लांब दांडा दिशा बदलताना हाताने फिरवावा लागतो, म्हणून आपोआप ये-जा करणाऱ्या मार्गावर तो चालत नाही. आणि दांड्याला तार अगदी रुळांच्या मधोमध लागते, वळणावर तर खांबांची संख्या वाढवावी लागते. खरी तार साडेपाच मीटरवर धरली तर आपल्याकडे २४ सेंटिमीटर उंचीवर येते, म्हणजे मांजर आणि चेंडू दोघांच्याही आवाक्यात. शोभेची मेलेली तार आणि खालून वीज, हा पर्याय मला पटतो.

बॅटरी आणि रिमोट : रूळ पुसायची कटकट नाही, गोलाची अडचण नाही. पण ट्रामला चहूबाजूंनी मोठ्या खिडक्या असतात. इंजिनाच्या बंद पोटात बॅटरी लपते, ट्राममध्ये ती बाकांच्या जागी दिसते. म्हणून ज्यांना बॅटरी हवी त्यांनी जोडडब्यासकट ट्राम घ्यावी आणि बॅटरी जोडडब्यात, खिडक्यांच्या खाली ठेवावी. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नका आणि चार्ज होत असताना घराबाहेर जाऊ नका.

कुठलाही पर्याय घेतला तरी भिंतीत लागणारा ट्रान्सफॉर्मर घरात किंवा कोरड्या शेडमध्येच राहिला पाहिजे. बागेत जाते ती फक्त कमी व्होल्टची तार. अमेरिकेतून जुना ट्रान्सफॉर्मर स्वस्तात मिळतो म्हणून मागवू नका. तो १२० व्होल्टचा असतो, इथल्या आणि भारतातल्याही २३० व्होल्टवर लावताक्षणी जळेल.

६. आता ट्राम बघा

एव्हाना तुमच्या हातात चार आकडे असतील : किमान त्रिज्या, कमाल झुकणं, एका टोकाची की दोन टोकांची, वीज कुठून. या चार चाळण्यांतून फार थोड्या ट्राम खाली येतात, आणि निवड सोपी होते.

छोट्या बागेसाठी एलजीबीची जुनी दोन ॲक्सलची जर्मन ट्राम आणि तिचा जोडडबा हे सगळ्यात निर्धोक. ६०० मिलिमीटरवर सहज वळते आणि जुन्या बाजारात बऱ्यापैकी मिळते. अमेरिकन धाटणी आवडत असेल तर बाखमन कंपनीच्या बंद आणि उघड्या स्ट्रीटकार बघा. उन्हाळी उघडी गाडी फुलांमध्ये फार गोड दिसते, मात्र तिच्यात पावसाचं पाणी थेट आत जातं. हाताने बांधलेल्या जोडट्राम आणि तीन-चार भागांच्या आधुनिक लांब ट्राम सव्वा मीटर त्रिज्या असलेल्यांनीच घ्याव्यात. त्या घेताना विक्रेत्याकडून किमान त्रिज्या लेखी मागा. 'लहान वळणावरही चालते' हे तोंडी वाक्य मी ऐकलं होतं.

बजेट करताना ट्रामला एकूण रकमेचा तिसरा हिस्सा द्या. माझ्याकडे रूळ, सांधे, खडी आणि वीज मिळून ट्रामच्या दुप्पट खर्च झाला.

७. जुनी ट्राम घेताना

जुन्या बाजारात जाताना खिशात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि दोन तारा ठेवा. तारा डाव्या आणि उजव्या चाकांना लावल्या की मोटार हळू फिरते. विक्रेत्याला आधी विचारा, सरळ माणूस नाही म्हणत नाही. मग हे बघा.

दोन्ही दिशांना फिरवा आणि कान लावा. एकसारखी घरघर ठीक. ठरावीक अंतराने 'टक टक' येत असेल तर दातेरी चाकाला तडा गेलेला असतो.

उलटी धरून चाकं हलवा. थोडी ढिलाई चालते, डुगडुगणारं चाक चालत नाही. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा, साधारण ४० मिलिमीटर हवं. ते बिघडलेलं असेल तर ट्राम प्रत्येक सांध्यावर उतरेल.

रुळांवर घासत वीज घेणारे धातूचे तुकडे, चाकांना टेकलेले कोळसे (वीज घेणारे कार्बनचे छोटे तुकडे) आणि एखाद्या चाकावरचा रबरी पट्टा बघा. हे झिजणारच, बदलताही येतात, पण भाव करताना मोजून दाखवा.

स्क्रूंची डोकी घासलेली दिसली तर कुणीतरी आत हात घातलेला आहे. काय केलं ते विचारा. डिकोडर बसवला असेल तर कुठला, आणि त्याचा क्रमांक काय, हे कागदावर लिहून घ्या.

छतावरचा पँटोग्राफ किंवा दांडा, आरसे, पायऱ्या, जोडणीचे आकडे हे बारीक भाग मोडलेले असतात. एकेक वेगळा घ्यायला गेलं तर बराच खर्च येतो.

आणि एक कायद्याची गोष्ट. जर्मनीत दुकानातून नवी वस्तू घेतली तर दोन वर्षं तिच्यातल्या मूळ दोषाची जबाबदारी विक्रेत्याची. दुकानदाराकडून जुनी घेतली तर ती मुदत करारात एक वर्षावर आणता येते. खासगी माणूस ही जबाबदारी पूर्णपणे नाकारू शकतो, आणि बहुतेक जण तसं एका ओळीत लिहितातच. म्हणून खासगी खरेदीत जे काय बघायचं ते पैसे देण्याआधी.

८. काय काय जवळ ठेवायचं

कागद : बागेचा मोजमापांसह नकाशा, घरमालकाची किंवा बाग-संस्थेची लेखी परवानगी, खरेदीची पावती, ट्रामचा सुट्या भागांचा तक्ता, डिकोडरचं माहितीपत्रक. युरोपीय संघाबाहेरून मागवली असेल तर सीमाशुल्काची पावतीही. बाहेरून येणाऱ्या मालावर कर लागतो, तो ट्रामच्या किमतीत धरून चला.

हत्यारं : पाणसळ, मोजपट्टी, मिलिमीटर दाखवणारा कॅलिपर, लहान स्क्रू ड्रायव्हरचा संच, टोकदार पक्कड, मल्टिमीटर, रूळ कापायची बारीक दातांची करवत, रूळ पुसायचा खरखरीत ठोकळा, प्लॅस्टिकला चालणारं हलकं वंगण. साधं स्वयंपाकाचं किंवा शिवणयंत्राचं तेल नको, त्याने धूळ धरते आणि काही प्लॅस्टिक ठिसूळ होतं.

९. रूळ पक्के करण्याआधी

निवडलेली ट्राम घरी आली की लगेच खडी ओतू नका. रूळ गवतावर नुसते अंथरा आणि दोन आठवडे तसेच चालवा. सकाळचं दव, दुपारचं ऊन, संध्याकाळची सावली, सगळ्यांत गाडी कशी वागते ते कळतं. चहा कुठे बसून पिता, तिथून ट्रामची कुठली बाजू दिसते, हेही त्याच वेळी ठरतं. आम्ही याच काळात मार्ग अर्धा मीटर सरकवला, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून थांबा दिसत नव्हता.

मग खडी. रूळ जमिनीला आवळून बांधू नका. दहा मीटर पितळी रूळ उणे १० अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापला तर साधारण साडेनऊ मिलिमीटर वाढतो. ही वाढ रुळांच्या जोडांत आणि वळणांवर सामावली पाहिजे, नाहीतर जुलैमध्ये रूळ बाजूला फुगतो आणि ट्राम कोसळते. खाली दहा-पंधरा सेंटिमीटर खोल चर, त्यात जाडी खडी, वर बारीक अणकुचीदार खडी. गोल गुळगुळीत गोटे दबत नाहीत, रूळ त्यावर सरकत राहतो. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, म्हणून मार्चमध्ये पाणसळ घेऊन पूर्ण मार्ग पुन्हा तपासा आणि खचलेल्या जागी खडी भरा.

ट्राम स्वतः मात्र बाहेर ठेवू नका. रूळ बारा महिने बाहेर राहतात, गाडी रात्री घरात. खिडक्यांच्या आत दव साचलं की आतले तांब्याचे जोड हिरवे पडतात, आणि ते साफ करायला सगळी गाडी उघडावी लागते. आम्ही दारापाशी एक लाकडी खोका केलाय, दोन कप्प्यांचा. एकात ट्राम, दुसऱ्यात जोडडबा. संध्याकाळची शेवटची फेरी झाली की मुलगी दोन्ही उचलून आत ठेवते आणि बाकावरची छोटी माणसं खिशात घालते.